एका दिवसाची डेव्हलपर परिषद: बहादरपुरात खर्च किती येईल?

बुऱ्हाणपूरला लागून असलेल्या बहादरपुरात किंवा शहरात सॉफ्टवेअर डेव्हलपरांची एक दिवसाची परिषद भरवायची, तीही कोणत्याही इव्हेंट कंपनीला न बोलावता, स्वयंसेवकांच्या बळावर. हे जमेल का, असे विचारणाऱ्यांचा खरा प्रश्न पैशांचा असतो. उत्तर असे: १०० तिकीटधारक, ८ वक्ते आणि १२ स्वयंसेवक अशा १२० जणांसाठी सुमारे एक लाख सदतीस हजार रुपये हाताशी हवेत. यातला कोणता रुपया तिकिटातून यावा आणि कोणता प्रायोजकाकडून, हे आधी ठरवले तर परिषद तोट्यात जाणे अवघड होते.

खाली दिलेले दर आखणीसाठी धरलेले आहेत. गावातल्या तीन-तीन कोटेशनांनी ते तपासून घ्या आणि आपले आकडे त्या जागी घाला. हिशेबाची रीत मात्र तशीच ठेवा.

पुण्या-मुंबईने काय शिकवले

स्वयंसेवकांनी परिषद भरवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत २००३ पासून ‘ग्नूनिफाय’ भरू लागले. बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेत २००९ मध्ये पहिले ‘पायकॉन इंडिया’ झाले आणि २०११ मध्ये ते पुण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेडोराच्या कार्यकर्त्यांचे ‘फडकॉन’ पुण्याच्या सीओईपीमध्ये भरले, २०१५ मध्ये ते एमआयटीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. २०१६ चे ‘ड्रुपलकॉन एशिया’ मुंबईत आयआयटीच्या आवारात झाले.

यातली बहुतेक नावे शिक्षणसंस्थांच्या आवाराशी जोडलेली आहेत. कारण उघड आहे. महाविद्यालयात सभागृह, खुर्च्या, प्रोजेक्टर, स्वच्छतागृहे, पार्किंग आणि मदतीला येणारे विद्यार्थी एकाच फाटकाच्या आत मिळतात. हॉटेलात यातल्या प्रत्येक गोष्टीचे बिल वेगळे येते. वर्डप्रेसवाल्यांच्या ‘वर्डकॅम्प’ची शिस्तही पाहण्यासारखी आहे: कोणालाही परवडावे म्हणून तिकीट मुद्दाम कमी ठेवायचे आणि वक्त्यांना मानधन द्यायचे नाही. छोट्या गावाने हे दोन धडे तसेच उचलावेत.

जागा: बहादरपूर की बुऱ्हाणपूर?

बुऱ्हाणपूर मुंबई–इटारसी या मुख्य रेल्वेमार्गावर आहे. भुसावळ सुमारे ५५ किलोमीटर, खंडवा ७० च्या आसपास आणि इंदूर रस्त्याने साधारण १८०. म्हणजे भुसावळ, फैजपूर, जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले आणि खंडव्याची मंडळी सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतू शकतात. ज्याला मुक्काम लागत नाही त्याच्यासाठी तुमची परिषद स्वस्त, म्हणून सगळी आखणी या पट्ट्यासाठी करा.

बुऱ्हाणपूर शहरात स्टेशनच्या बाजूचा हॉल घेतला तर वाहतुकीचा खर्च वाचतो. बहादरपुरात हॉल किंवा शाळेचे सभागृह स्वस्त मिळाले, तर त्या बचतीतून स्टेशनपासूनच्या गाडीचे भाडे वजा करूनच तुलना करा.

बहादरपूर निवडलेत तर तिकिटावर, फलकावर आणि नकाशाच्या दुव्यात ‘बहादरपूर, जिल्हा बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश’ असा पूर्ण पत्ता द्या. जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यातही बहादरपूर आहे, आणि तुमचे निम्मे पाहुणे जळगावकडूनच येणार आहेत.

हॉल पाहायला कधी जायचे, हेही महत्त्वाचे. हा भाग यंत्रमागांचा आहे. शेजारच्या गल्लीत माग सुरू असतील तर बंद खिडकीतूनही खडखड ऐकू येते. म्हणून ज्या वारी परिषद आहे त्याच वारी, सकाळी अकराच्या सुमारास हॉलमध्ये जा. एकाने मंचावर उभे राहून माईकशिवाय बोलावे, दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून ऐकावे. मग पंखे पूर्ण वेगात लावून तेच पुन्हा करा. शेवटच्या रांगेतल्याला वाक्य दोनदा विचारावे लागले, तर तो हॉल कितीही स्वस्त असला तरी सोडा. जाता जाता महिलांच्या स्वच्छतागृहाची कडी, पाणी आणि दिवा स्वतः तपासा.

तारीख: सगळ्यात मोठी सवलत इथे मिळते

मंगल कार्यालय, केटरर, मंडपवाला, ध्वनिवाला हे सगळे लग्नतिथीवर जगतात. मुहूर्ताच्या दिवशी त्यांच्याकडून सवलत मागणे व्यर्थ. उलट डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, म्हणजे धनुर्मासात (निमाडात याला खरमास म्हणतात), लग्ने जवळपास थांबतात. हॉल रिकामे, आचारी मोकळे आणि हवाही थंड. मे महिन्यात इथला पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा कूलरांचे भाडे आणि पाण्याचा खर्च दोन्ही वाढतात.

धनुर्मासातला रविवार ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, दोन्ही राज्यांतल्या विद्यापीठांच्या परीक्षांचे वेळापत्रक. जळगावची मुले एका विद्यापीठाची, खंडव्याची दुसऱ्याची. दोन, शहरातल्या मोठ्या यात्रा. दरगाह-ए-हकीमीला दाऊदी बोहरा भाविक लांबून येतात, उरुसाच्या दिवसांत लॉजच्या खोल्या मिळणे कठीण. चार महिने आधी या तारखा विचारून घ्या.

माणशी खर्च: जो डोक्यागणिक वाढतो

पहिली वही या खर्चाची. माणूस वाढला की वाढतो, कमी झाला की कमी होतो.

• सकाळचा नाश्ता आणि दिवसभरात दोनदा चहा: ₹८०
• दुपारचे जेवण: ₹२००
• पिण्याचे पाणी: ₹२०
• ओळखपत्र आणि दोरी: ₹३०

एकूण माणशी ₹३३०. वक्ते आणि स्वयंसेवकही जेवणार, म्हणून १२० जणांचे ₹३९,६००.

जेवणात कंजुषी करू नका, पण पदार्थांची संख्या मर्यादित ठेवा. खानदेशी-निमाडी पद्धतीचे साधे ताट सगळ्यांना चालते: वांग्याचे भरीत, शेवभाजी, वरण-भात, पोळी, कोशिंबीर. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी बाहेरून आलेल्याला खाऊ घालायचीच असेल तर ती सकाळच्या नाश्त्याला ठेवा, दुपारी गोड वेगळे लागणार नाही. जैन ताटे, कांदा-लसूण वर्ज्य असणारे आणि उपवासवाले यांची संख्या तिकीट काढतानाच विचारा.

केटररकडून कोटेशनवर चार ओळी लिहून घ्या: दर करासह की कराविना (नोंदणीकृत केटररच्या बिलावर साधारण ५% जीएसटी लागतो), किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, आकडा कधीपर्यंत बदलता येईल, आणि वाढपी कोणाचे. ‘किमान १५० ताटे’ अशी अट निघाली तर तुमचा सगळा हिशेब कोलमडतो. नाव नोंदवून न येणारे नेहमीच असतात, म्हणून शेवटचा आकडा परिषदेच्या तीन दिवस आधी, प्रत्येकाला एक संदेश पाठवून पक्का करा.

ठोक खर्च: एक आला काय, शंभर आले काय

दुसरी वही या खर्चाची.

• हॉल, खुर्च्या, सफाई: ₹१५,०००
• ध्वनी, चार माईक, चालकासह: ₹८,०००
• प्रोजेक्टर, पडदा आणि एक जादा प्रोजेक्टर: ₹६,०००
• जनरेटर आणि डिझेल: ₹७,०००
• इंटरनेट, राउटर: ₹५,०००
• चित्रीकरण: ₹१०,०००
• वक्त्यांचा प्रवास आणि मुक्काम: ₹२०,७००
• फलक, बॅनर, दिशादर्शक: ₹४,०००
• औषधपेटी आणि प्रथमोपचार: ₹१,५००
• स्वयंसेवकांचे पेट्रोल, फोन, आदल्या दिवसाचे जेवण: ₹६,०००
• स्टेशन ते बहादरपूर गाडी: ₹५,०००

बेरीज ₹८८,२००. त्यावर अडीअडचणीसाठी दहा टक्के, म्हणजे ₹८,८२०, धरा. एकूण ₹९७,०२०. माणशी खर्च मिळवला की परिषदेचा पूर्ण खर्च ₹१,३६,६२० होतो.

वक्त्यांचा आकडा असा आला: बाहेरगावचे चौघे, प्रत्येकी ₹२,५०० प्रवास, जवळचे चौघे प्रत्येकी ₹८००, आणि पाच खोल्या प्रत्येकी ₹१,५००. वक्त्याला मानधन देऊ नका, पण त्याच्या खिशातून एक रुपयाही जाऊ देऊ नका. भाड्याचे पैसे परिषदेनंतर महिनाभराने मिळणार असतील तर नोकरी नसलेला किंवा नुकता शिकून बाहेर पडलेला चांगला वक्ता येतच नाही. त्याचे तिकीट तुम्हीच काढा.

इंटरनेटच्या बाबतीत दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्या. शंभर लॅपटॉप एकाच वेळी मोठी फाईल उतरवू लागले तर कोणतीही घरगुती जोडणी दम तोडते. कार्यशाळा असेल तर लागणारी सॉफ्टवेअरे आधीच पेनड्राइव्हवर भरून ठेवा. हे काम दोन विद्यार्थी एका संध्याकाळी करतात आणि इंटरनेटचे निम्मे ओझे उतरते.

स्वयंसेवकांचे श्रम मोफत असतात, त्यांचे पेट्रोल मोफत नसते. ज्या मुलाने महिनाभर जळगाव–बुऱ्हाणपूर खेपा मारल्या त्याला शेवटी प्रमाणपत्र देऊन भागत नाही. झालेला खर्च त्याला त्याच आठवड्यात परत मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर पुढच्या वर्षी फक्त ज्यांच्या घरी पैसा आहे तेच स्वयंसेवक उरतील, आणि ही परिषद सगळ्यांची राहणार नाही.

तिकिटाने जेवण भागवावे, प्रायोजकाने हॉल

या मार्गदर्शनाचा गाभा हा एकच नियम आहे. माणशी खर्च तिकिटातून काढा, ठोक खर्च प्रायोजकांकडून.

विद्यार्थ्यांना ₹२५० आणि नोकरदारांना ₹५५० असे तिकीट ठेवा. शंभरांत ४० विद्यार्थी आणि ६० नोकरदार आले तर ₹४३,००० जमतात. पेमेंट गेटवेची कपात २% आणि तिच्यावर १८% जीएसटी, म्हणजे २.३६% धरली, तर सुमारे ₹४१,९८५ हातात येतात. १२० ताटांचे ₹३९,६०० भागून थोडे उरतात.

आता समजा, शंभरऐवजी सत्तरच आले, त्याच प्रमाणात. ९० जणांचा माणशी खर्च ₹२९,७००, तिकिटाचे हाती आलेले सुमारे ₹२९,३९०. तूट जेमतेम तीनशे रुपयांची. १३० तिकिटे खपली तर दीडशे जणांचा खर्च ₹४९,५०० आणि उत्पन्न सुमारे ₹५४,५८०, म्हणजे पाच हजार शिल्लक. माणसे कमी येवोत की जास्त, तुमची झोप उडत नाही.

उलट सगळा खर्च तिकिटावर टाकला असता तर शंभर जणांमागे प्रत्येकी सुमारे ₹१,३६६ घ्यावे लागले असते. मग सत्तरच आले तर ₹३१,००० पेक्षा मोठा खड्डा पडला असता, आणि तो भरायला कोणा एका उत्साही मित्राचा पगार गेला असता. शिवाय त्या दरात फैजपूरचा विद्यार्थी आलाच नसता.

तिकीट पूर्ण मोफत ठेवण्याचा मोह टाळा. फुकट नोंदणी करणारा न येण्याआधी दोनदा विचार करत नाही, आणि त्याच्या ताटाचे पैसे मात्र जातात. ज्याला ₹२५० ही जड आहेत त्याच्यासाठी दहा जागा वेगळ्या राखा. त्यांचा खर्च एखाद्या प्रायोजकाच्या नावे टाका आणि त्या मुलांची नावे कुठेही जाहीर करू नका.

प्रायोजक: मागायचे कोणाकडून, द्यायचे काय

ठोक खर्चासाठी जवळपास एक लाख हवे आहेत. एक मोठा प्रायोजक ₹४०,०००, दोन मध्यम प्रत्येकी ₹२०,००० आणि चार स्थानिक प्रत्येकी ₹५,००० असा मेळ घालता येतो. मोठे पैसे इंदूर किंवा पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडून येतील, कारण त्यांना माणसे भरायची असतात. इथून तिथे गेलेल्या आपल्याच मुलांना आधी गाठा. स्थानिक मदत वस्तूंत मागा: कोचिंग क्लासकडून प्रोजेक्टर, संगणक विक्रेत्याकडून राउटर, यंत्रमाग कारखानदाराकडून कापडी पिशव्या किंवा फलकाचे कापड. वस्तू मिळाली की तेवढी ओळ वहीतून खोडा.

प्रायोजकाला टेबल, बॅनरवर नाव आणि पाच मिनिटे द्या. मुख्य भाषण विकत देऊ नका, आणि उपस्थितांचे फोन नंबर तर कधीच देऊ नका. लोक तुमच्यावर विश्वास ठेवून नंबर देतात.

अनुदानाची आशा ठेवा, पण ते जमेत धरू नका. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन कित्येक वर्षे जगभरातल्या छोट्या परिषदांना अनुदान देत आले, पण २०२५ मध्ये ठरवलेली मर्यादा गाठली गेल्याने त्यांना नवे अर्ज थांबवावे लागले. भारतात फॉस युनायटेडसारख्या संस्थेकडे अर्ज करता येतो. पैसे खात्यात जमा झाल्यावरच ते वहीत लिहा.

पैसे कोणाच्या खात्यात?

कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात लाखभर रुपये जमा करू नका. ते त्याचे उत्पन्न दिसते आणि मैत्रीत संशय शिरतो. तीन मार्ग आहेत. यजमान महाविद्यालयाच्या खात्यातून व्यवहार करणे, आधीपासून नोंदणी असलेल्या संस्थेच्या छत्राखाली काम करणे (पायकॉन इंडियाच्या मागे पायथन सॉफ्टवेअर सोसायटी ऑफ इंडिया उभी असते), किंवा मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली स्वतःची संस्था नोंदवणे. पहिल्या वर्षी पहिले दोन मार्ग सोपे. खाते कोणाचेही असो, प्रत्येक खर्चाला दोघांची मंजुरी हवी.

करांची चिंता फार करू नका, पण विसरूही नका. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. प्रायोजक कंपनी असेल आणि पैसे घेणारे तुम्ही कंपनी नसाल, तर प्रायोजकत्वावरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनीनेच भरायचा असतो. परदेशातून देणगी येणार असेल तर ती घेण्याआधीच एफसीआरएची परवानगी लागते. एका सीएला तासभर भेटा, ही फी सगळ्यात सत्कारणी लागते.

हॉलबाहेर स्पीकर लावायचा असेल तर प्रशासनाची लेखी परवानगी घ्या. कार्यक्रम पाचच्या आत संपवा. मुलींना उजेडात गाडी पकडता येते, आणि घरचे पुढच्या वेळी अडवत नाहीत. वागणुकीचे नियम मराठी आणि हिंदी दोन्हींत छापा आणि तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावे दारावर लावा. यांपैकी किमान एक महिला असावी.

पैसे कमी पडले तर कात्री कुठे?

आधी टी-शर्ट काढा. ₹२५० प्रमाणे १२० टी-शर्टचे ₹३०,००० होतात, म्हणजे सगळ्या वक्त्यांच्या प्रवास-मुक्कामापेक्षा जास्त. मग स्मृतिचिन्हे, पुष्पगुच्छ, मंचाची सजावट. यातले काहीच आपल्या वहीत धरलेले नाही, ते बाहेरच राहू द्या. त्यानंतर चित्रीकरण: तिपाईवर ठेवलेला चांगला फोन आणि ध्वनियंत्रातून थेट घेतलेला आवाज, एवढ्यावर भागते. त्यानंतर बाहेरगावचे दोन वक्ते कमी करून त्यांच्या जागी जळगाव-खंडव्याच्या दोघांना संधी द्या, ₹६,४०० वाचतात.

ध्वनी, जनरेटर, पाणी, स्वच्छतागृह आणि स्वयंसेवकांची परतफेड यांना मात्र कात्री लावू नका.

एक तारीख आधीच ठरवा: परिषदेच्या सहा आठवडे आधी ठोक खर्चाच्या निम्मे पैसे खात्यात नसतील, तर हॉल लहान करा किंवा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम करा. पन्नास जणांची सुबक परिषद उधारीवरच्या शंभर जणांच्या परिषदेपेक्षा कितीतरी चांगली.

परिषद संपल्यावर तीस दिवसांत पूर्ण हिशेब बिलांसह सगळ्यांसमोर मांडा: तिकीटधारक, प्रायोजक, स्वयंसेवक. किती आले, कशावर गेले, किती उरले. उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या हॉलच्या आगाऊ रकमेसाठी ठेवा. पुढच्या वर्षी प्रायोजकाकडे जाताना हाच कागद हातात असेल, आणि तोवर बिले नीट लावून ठेवणारा खजिनदार हा तुमच्या चमूतला सगळ्यात मोलाचा माणूस. त्याची निवड वक्त्यांच्याही आधी करा.